समोर माणूस असताना : ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये वास्तवाला धरून लढायचं कसं

‘कॉम्बॅट मिशन’ या संगणकावरच्या युद्धखेळात संगणकाला सहज लोळवणारा खेळाडू पहिल्यांदा माणसासमोर बसला की बहुतेक वेळा सपाटून मार खातो. नियम तेच, नकाशा तोच, अमेरिकन शेर्मन आणि जर्मन पँथर रणगाडेही तेच. फरक एवढाच की पलीकडचा आता विचार करतोय. संगणकाची बाजू लढाई रचणाऱ्याने आधी लिहून ठेवलेल्या आराखड्यावर चालते : अमुक गट अमुक मिनिटांनी तमुक झाडीत. तुमच्या डाव्या बगलेवर एकाएकी शांतता का पसरली, हा प्रश्न तिला पडत नाही. माणसाला पडतो, आणि पुढच्या मिनिटाला तिकडे उखळी तोफांचे गोळे पडायला लागतात.

या खेळांत वास्तवता म्हटली की चर्चा चिलखताच्या मिलिमीटरवर आणि गोळ्याच्या वेगावर जाते. ते काम खेळ बनवणाऱ्यांनी केलेलं असतं, त्यात आपण काही करायचं नसतं. आपल्या हातात असते ती दुसरी बाजू : कोणाला, काय, किती वाजता कळलं. प्रशियाच्या फॉन राइसविट्झने १८२४ साली ‘क्रीगश्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ सैन्यापुढे आणला, तेव्हा १:८००० च्या नकाशावर दोन-दोन मिनिटांच्या चाली होत्या. दोन्ही खेळाडूंच्या मध्ये पंच असायचा, आणि जे दिसायला नको ते तो नकाशावर ठेवायचाच नाही. त्या पंचाचं काम आज संगणक करतो. पण अर्धंच करतो. उरलेलं अर्धं दोन खेळाडूंच्या आपसातल्या कराराने भागवावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. उदाहरणं ‘बॅटल फॉर नॉर्मंडी’ या, फ्रान्समधल्या १९४४ च्या लढाईवरच्या, २०११ च्या भागातली घेतो, कारण माणसाविरुद्ध खेळायला त्याहून चांगली जमीन दुसऱ्या कुठल्या भागात नाही असं माझं मत आहे. ‘कोल्ड वॉर’ किंवा ‘ब्लॅक सी’ हे नंतरच्या काळातल्या युद्धांवरचे भाग खेळणाऱ्यांनी पल्ले वाढवून घ्यावेत, बाकी तत्त्वं बदलत नाहीत.

आधी पद्धत ठरवा

खेळ दोन तऱ्हांनी खेळता येतो : सरळ चालत्या वेळेत, किंवा एकेका मिनिटाच्या चालीत. माणसाविरुद्ध दुसरीच पद्धत घ्या. दोघे आपापले हुकूम देतात, मग ६० सेकंद दोन्हीकडचं एकदम घडतं आणि त्या मिनिटात तुम्हाला काहीच करता येत नाही. फक्त बघायचं. हा असहाय मिनिट हेच या पद्धतीचं खरं बळ. कंपनी कमांडरलाही प्रत्येक शिपायाचा हात धरून चालवता येत नाही. त्याने सांगितलेलं अर्धवट पाळलं जातं, अर्धवट फसतं.

चालीची फाइल आपापल्या पासवर्डने बंद करून एकमेकांना पाठवायची. सामायिक फोल्डर वापरला तर काम सोपं होतं. स्लिदरिन या प्रकाशक कंपनीमार्फत आलेल्या आवृत्त्यांत सर्व्हरवरूनच देवाणघेवाण होते. चालत्या वेळेतल्या खेळाला दोघांनी एकाच वेळी मोकळं असावं लागतं आणि इंटरनेटही धड लागतं. इथे तसं काही नाही. एक जण पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असला तरी डाव चालतो : तुम्ही झोपायच्या आधी चाल पाठवलीत की सकाळी उत्तर आलेलं असतं. मात्र रोज एखादी चाल या गतीने तासाभराची लढाई दोन-तीन महिने चालते हे धरूनच होकार द्या. हरायला लागल्यावर गायब होणारा प्रतिस्पर्धी हा या छंदाचा सगळ्यात जुना रोग आहे.

काठिण्यपातळी ‘एलीट’ किंवा ‘आयर्न’ ठेवा. ‘आयर्न’मध्ये एखादी तुकडी निवडली की तिला दिसत असलेलेच मित्र पडद्यावर राहतात, बाकीचे नाहीसे होतात. सुरुवातीला चिडचिड होते. पण शेजारची तुकडी तीस मीटरवर असूनही झाडीमुळे आपल्या माणसांना ती दिसत नाही, हे दुसऱ्या कुठल्याच पातळीवर इतकं अंगावर येत नाही.

गोळी सुटण्याआधीचा करार

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. चार ओळींचं पत्र पुरतं. त्यात ठरवायचं ते असं.

लढाईचा प्रकार. ‘मीटिंग एंगेजमेंट’मध्ये, म्हणजे दोघेही चाल करून येतात तेव्हा, सैन्य घ्यायला दोघांना सारखे गुण मिळतात. वास्तवाच्या दृष्टीने हा सगळ्यात कृत्रिम प्रकार आहे. समसमान बळाच्या दोन फौजा मधल्या चौकाकडे एकाच वेळी धावत सुटल्या असं फार क्वचित घडायचं. ‘प्रोब’ किंवा ‘अटॅक’ घ्या. चढाई करणाऱ्याला जास्त बळ मिळतं, बचाव करणाऱ्याला जमीन. बाजू नंतर बदलून खेळलं की तक्रारीला जागा राहत नाही.

वेळ. खेळ देईल त्याहून जास्त घ्या. मध्यम आकाराच्या लढाईला तास-सव्वा तास असू द्या. वेळ कमी पडली की माणसं टेहळणी सोडून देतात, शेवटच्या पाच मिनिटांत जीप घेऊन उद्दिष्टावर झेप घेतात, आणि तिथे खेळाचा युद्धाशी संबंध संपतो.

पहिल्या मिनिटाचा तोफखाना. तयारीच्या टप्प्यात ठरवलेला मारा नकाशावर कुठेही, चाचणीचे गोळे न टाकता अचूक पडतो. ठाण मांडून बसलेल्या बचावावर तो योग्यच आहे, खऱ्या हल्ल्याआधीही असाच मारा व्हायचा. पण मीटिंग एंगेजमेंटमध्ये समोरच्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यावर पहिल्याच मिनिटाला गोळे ओतणं ही लबाडी. ती सरळ शब्दांत बाद करा.

आणि दुर्मीळता, म्हणजे विरळा शस्त्रांना जास्त गुण मोजायला लावणारी सोय. ती ‘स्टँडर्ड’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ ठेवली की टायगर या जड जर्मन रणगाड्यांची रांग महाग पडते. तुकड्यांचा अनुभव आणि मनोधैर्य ‘टिपिकल’वर सोडा. प्रत्येक जण स्वतःची माणसं अव्वलच निवडणार, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत दोन्हीकडे कोवळी, दमलेली, भरतीची पोरंच जास्त होती.

ज्या नियमाला मी सगळ्यात जास्त मानतो

तुमच्या एका टेहळ्याला बांधामागे हालचाल दिसते. पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटतं. तीनशे मीटरवर, दुसऱ्याच शेतात तुमचा शेर्मन उभा आहे. त्याला ती हालचाल दिसलेली नाही, कोणी सांगितलेलीही नाही. पण तुम्ही खेळाडू आहात, सगळ्या नकाशाचे धनी. तुम्ही शेर्मनला सांगता, त्या बांधावर मारा कर. खेळ परवानगी देतो, कारण जमिनीवर मारा करायला शत्रू दिसावा लागत नाही. जागा दिसली की पुरे.

यालाच खेळाडू ‘गेमी’ म्हणतात. २००० साली आलेल्या पहिल्या ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये तर एकाला दिसलेला शत्रू सगळ्यांनाच दिसायचा. नव्या इंजिनात प्रत्येक तुकडीची माहिती वेगळी असते. ती आरोळीने, नजरेने, रेडिओने, वरिष्ठाकडून अशी मुंग्यांच्या वेगाने पसरते. अमेरिकन रायफल कंपनीत एससीआर-५३६ हे हातात धरायचे रेडिओ होते. जर्मन प्लॅटूनची, म्हणजे कंपनीतल्या एका गटाची, भिस्त बरीचशी धावत निरोप नेणाऱ्यावर. हा फरक खेळात खराखुरा जाणवतो, पण वरच्या पळवाटेने तो पुसला जातो.

नियम साधा आहे : जी तुकडी मारा करणार, ती निवडल्यावर तिच्या स्वतःच्या नजरेत त्या जागी किमान प्रश्नचिन्ह तरी दिसलं पाहिजे. नसेल तर मारा नाही. तपासणं सोपं आहे, कारण तुकडीवर क्लिक केलं की फक्त तिला माहीत असलेलेच शत्रू पडद्यावर राहतात. अपवाद दोन. हल्ल्याच्या आराखड्यात आधीच ठरलेली ठिकाणं, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या प्लॅटूनने शेत ओलांडताना मशीनगनने समोरचे दोन कोपरे दाबायचे’. ती सुरुवातीला लिहून ठेवा. आणि कमांडर प्रत्यक्ष चालत जाऊन तुकडीजवळ पोचला असेल, तर एक मिनिट थांबून मग मारा.

हा नियम पाळला की खेळण्याची रीतच बदलते. प्लॅटून कमांडरला पुढे न्यावंसं वाटतं, पण फार पुढेही नाही. रेडिओवाला मेला तर पोटात गोळा येतो. निरोप्याला दोन मिनिटं लागणार म्हणून हल्ला दोन मिनिटांनी पुढे ढकलला जातो. माझ्या मते हा एक नियम चिलखतांच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त वास्तवता आणतो. प्रतिस्पर्धी तो पाळतोय की नाही हे तपासायचा मार्ग नाही, विश्वासावरच चालतं.

सैन्य घेताना

सुटे रणगाडे आणि सुट्या तुकड्या वेचत बसू नका. पूर्ण रचना घ्या, म्हणजे कंपनी तिच्या मुख्यालयासकट, आणि मग नको ते कमी करा. हुकुमाची साखळी त्यामुळे शाबूत राहते, आणि माहिती याच साखळीतून वाहते.

पायदळ भरपूर, रणगाडे मोजके, उखळी तोफा नक्की, आणि निदान एक तोफखाना निरीक्षक. अमेरिकन स्क्वॉड १२ जणांचा; त्यांच्या गॅरंड रायफलींत आठ-आठ गोळ्यांची क्लिप, आणि सोबत एक बार ही स्वयंचलित रायफल. जर्मन तुकडी ९ जणांची, पण तिचा सगळा जोर मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या ओकणाऱ्या एमजी ४२ मशीनगनमध्ये. म्हणून अमेरिकन तुकडी चार-पाच माणसं गमावूनही लढत राहते, जर्मन तुकडीची मशीनगन बंद पडली की तिचे दात पडले. कोणाला आधी दाबायचं हे यावरून ठरतं.

नकाशा जमिनीवरून वाचा

आकाशातून पाहिलेला नकाशा फसवतो. कॅमेरा सगळ्यात खालच्या पातळीवर आणा, शिपायाच्या डोळ्यांइतका, आणि पहिली चाल देण्याआधी अर्धा तास नकाशाभर फिरा. आपल्या बाजूने नव्हे. आधी शत्रूच्या बाजूने. त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यात उभं राहून स्वतःला विचारा : मी इथे असतो तर कुठून आलो असतो? मशीनगन कुठे ठेवली असती? टेहळणीला कुठे बसलो असतो? चर्चचा मनोरा, दुमजली घर, टेकडीचं टोक, बांधांचा कोपरा. उत्तरं कागदावर लिहा. समोरचाही माणूस आहे, त्यालाही त्याच जागा सुचल्या असतील. तिथे आपण बसायचं नाही आणि पहिले गोळे तिथेच टाकायचे.

उताराच्या मागची बाजू शोधा. टेकडीच्या माथ्यावरचा बचाव सगळ्यांना दिसतो, सगळ्यांकडून मार खातो. माथ्याच्या मागे शंभर-दीडशे मीटरवर बसलात तर माथा ओलांडणारा फक्त तुम्हाला दिसतो; त्याला मदत करणारे रणगाडे पलीकडेच अडकतात. तसंच अरुंद फटींचं. दोन घरांच्या मधून रस्त्याचा वीस मीटरचा तुकडाच दिसेल अशी जागा रणगाड्याला द्या. त्याला थोडंच दिसतं, पण त्याला पाहणारेही थोडेच असतात.

टेहळणी : घाई इथेच मारते

स्क्वॉडमधून दोघा-तिघांची टेहळणी जोडी वेगळी काढता येते. अशा दोन जोड्या पुढे, बाकी प्लॅटून शंभरेक मीटर मागे, आडोशाला. ‘हंट’ हुकमात माणसं शत्रू दिसताच थांबतात, पण लवकर दमतात. म्हणून लांबचं अंतर ‘मूव्ह’ने किंवा ‘क्विक’ने तोडायचं, शेवटचे तीस-चाळीस मीटर ‘हंट’ने. प्रत्येक टप्प्यानंतर एक पूर्ण मिनिट थांबा. चालत्या माणसाला कमी दिसतं, बसलेल्याला जास्त. पाऊण तास घालवून काहीच दिसलं नाही, तरी ‘इथे कोणी नाही’ हेही कळलेलं असतं.

विहिरीत खडा टाकून खोली अजमावावी तसा कधी कधी संशयित झुडपावर मशीनगनचा छोटा मारा करून बघतात. माणसाविरुद्ध हे जपून करा. शहाणा प्रतिस्पर्धी आपल्या तुकड्यांना ठरावीक अंतराबाहेर गोळी न झाडण्याचा चाप लावून गप्प बसवतो, आणि तुम्हीच तुमची मशीनगन दाखवून मोकळे होता.

बचावात असाल तर तो चाप तुमचं पहिलं हत्यार. साठ-सत्तर मीटरचा चाप देऊन तुकड्या लपवा. पँझरफाउस्ट या जर्मन पायदळाच्या रणगाडाविरोधी शस्त्राच्या पहिल्या प्रकाराचा पल्ला जेमतेम ३० मीटर होता. त्याला रणगाडा अगदी अंगावर येईपर्यंत थांबावंच लागतं. लवकर सुटलेली गोळी जागा फुकट सांगून टाकते.

शेत, बांध, कोपरे

नॉर्मंडीतल्या शेतांभोवती मातीचे उंच बांध, त्यावर शतकांची जुनी झुडपं. प्रत्येक शेत एक किल्ला. जर्मन मशीनगन पलीकडच्या दोन कोपऱ्यांत बसायच्या आणि मोकळ्या शेतावर त्यांचा मारा एकमेकांना छेदायचा. जून-जुलै १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य याच शेतांत अडकलं. सेंट-लो हे शहर १८ जुलैला हाती आलं.

२९व्या अमेरिकन पायदळ डिव्हिजनने यावर जो तोडगा काढला तो खेळात जसाच्या तसा चालतो. एका शेताला एक लहान चमू : एक रणगाडा, एक स्क्वॉड, हलकी मशीनगन, ६० मिमी उखळी तोफ आणि बांध उडवणारे इंजिनिअर. पायऱ्या अशा. रणगाडा बांधात नाक खुपसून पलीकडचे कोपरे तोफेने फोडतो, मग बांधाच्या पायथ्यावर मशीनगन फिरवत राहतो. उखळी तोफ बांधाच्या मागची पिछाडी धरते, म्हणजे मागे सरकणाऱ्यालाही चैन नाही. तेवढ्या दाबाखाली स्क्वॉड शेत ओलांडतो, तोही मधून नव्हे, बाजूच्या बांधाला चिकटून. शेवटी इंजिनिअर भगदाड पाडतात आणि रणगाडा पुढच्या शेतात येतो. खेळात या भगदाडासाठी ‘ब्लास्ट’ हुकूम आणि स्फोटकं असलेली तुकडी लागते. काही शेर्मनांना पुढे लोखंडी सुळे असतात. सार्जंट कलिनची ती कल्पना, किनाऱ्यावरच्या जर्मन अडथळ्यांच्या लोखंडातून बनवलेली. असे रणगाडे बांध चिरून जातात, पण त्यांनी कुठून घुसावं हे त्यांच्या आधी पायदळाने बघितलेलं असावं.

यात खरं कौशल्य आहे वेळ जुळवण्याचं. दाब आधी, हालचाल मागाहून. शत्रू किती दबला हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून एक सोपा अंदाज धरा : त्याच्याकडून गोळीबार थांबून पूर्ण एक मिनिट झाला आणि आपला मारा चालूच आहे, तरच पाऊल टाका. हुकमांना ‘पॉज’ लावून स्क्वॉडची पहिली तुकडी आत्ता, दुसरी वीस सेकंदांनी अशी सोडा. मारा स्क्वॉड पोचायच्या आधी थांबला की दबलेली माणसं डोकं वर काढतात. उशिरा थांबला तर आपलीच माणसं आपल्या गोळ्यांत.

दाब नसताना मशीनगनवर धावून जाण्याचा मोह नव्या खेळाडूला फार. असं खरोखर केलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे माहीत असायला हवं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४. त्यांचा सबंध सेक्शन मशीनगनने कापला गेला आणि ते एकटे उरले. बॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि तिथेच स्नायपरच्या गोळ्यांनी पडले. त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे रोज घडत असतं तर क्रॉस द्यावा लागला नसता. तुमच्या दहा जणांकडून ते दर तिसऱ्या मिनिटाला होईल अशी योजना आखू नका. खेळही ते होऊ देत नाही, माणसं वाटेतच जमिनीला चिकटतात.

तोफखाना : शत्रू जिथे जाणार तिथे

मागणी नोंदवल्यापासून गोळे पडेपर्यंत कित्येक मिनिटं जातात. आधी चाचणीचे गोळे, मग दुरुस्ती, मग खरा मारा. निरीक्षकाला चाचणीचे गोळे दिसले नाहीत तर सगळा मारा भलतीकडे. म्हणून आत्ता जिथे शत्रू दिसतोय तिथे मागवलेला मारा बहुतेक वेळा रिकाम्या जमिनीवर पडतो. चाचणीचा पहिला गोळा ऐकताच माणूस उठून जातो. संगणक बऱ्याचदा तिथेच बसून राहतो, ती सवय घेऊन येऊ नका.

उलटं करा. पाच मिनिटांनी तो कुठे असेल ते ठरवा. हल्ला फसल्यावर तो ज्या घळीतून मागे सरकेल, राखीव प्लॅटून ज्या झाडीत जमवेल, ती जागा धरा. बचावात असाल तर आधी नोंदलेल्या लक्ष्यबिंदूंवर गुण खर्च करा. तिथे चाचणीशिवाय मारा लवकर पडतो. चाचणीचे गोळे चकवा म्हणूनही चालतात. उजव्या झाडीवर दोन गोळे टाकले आणि मारा रद्द केला, तरी तो पुढची दोन मिनिटं उजवीकडेच बघत असतो.

धूर स्वस्त आणि दुर्लक्षित. स्वतःसमोर नाही, त्याच्यासमोर टाका. वाऱ्याची दिशा बघून.

रणगाडे

रणगाड्यांवर लोक पानंच्या पानं लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. पँथरचं पुढचं मुख्य चिलखत ८० मिमी, ५५ अंश कललेलं. ७५ मिमी तोफेच्या शेर्मनला ते समोरून फुटत नाही. बाजूचं ४० ते ५० मिमी, ते फुटतं. म्हणून शेर्मन एकटा कधीच नाही. दोन-दोन, वेगळ्या दिशांनी, एकाच मिनिटात बाहेर यावेत. शेर्मनचा बुरूज १५ सेकंदांत पूर्ण फिरतो, जवळच्या झटापटीत तोच त्याचा फायदा. एक समोर धूर किंवा स्फोटक गोळे टाकून पँथरच्या माणसांना गुंतवतो, दुसरा बगलेत निघतो. खेळातली पँथरची माणसंही माणसंच असतात; समोर चार गोळे आदळले की ती बिथरून रणगाडा मागे घेतात.

उताराआडून फक्त बुरूज वर काढा, दोन गोळे झाडा, ‘रिव्हर्स’ने मागे. त्याच जागी दुसऱ्यांदा नाही, कारण तो आता तिथेच नेम धरून बसलाय. झाकण उघडं ठेवलं की कमांडरला खूप जास्त दिसतं, आणि स्नायपरलाही कमांडर दिसतो. शत्रूचं पायदळ दोनशे मीटरच्या आत असेल तर झाकण बंद.

पायदळ रणगाड्याच्या पुढे. झाडी आणि वस्तीत तर नेहमीच.

समोरचा माणूस वाचणं

चालीचा मिनिट एकदा बघून पुढचे हुकूम देऊ नका. निदान तीनदा बघा : एकदा आपल्या तुकड्या, एकदा फक्त शत्रूची बाजू, एकदा डोळे मिटून आवाज. रणगाड्याच्या इंजिनाचा आवाज, ट्रेसरच्या, म्हणजे उजळत जाणाऱ्या गोळ्यांच्या, रेषा, धुळीचा लोट. पडद्यावर खूण उमटत नाही तरी हे सगळं मिळतं. (यातलं किती तुमच्या तुकड्यांना कळलं आणि किती फक्त तुम्हाला, हा वरच्या नियमाचा प्रश्न. तुमचा आराखडा बदलायला हरकत नाही, मारा करायला आहे.)

प्रत्येक चालीला एक ओळ नोंद ठेवा. कुठे दिसला, कुठल्या शस्त्राने, किती वेळाने प्रतिसाद आला. पंधराएक मिनिटांत माणसाचा स्वभाव उघडा पडतो. काही जण पहिल्या धक्क्याला राखीव फौज ओततात. त्यांना आधी खोट्या जागी धक्का द्या. काही जण एका रणगाड्याच्या बदल्यात चिडून उट्टं काढायला येतात. त्यांच्यासाठी सापळा लावायला आमिष पुरतं. काही जण अगदी हलतच नाहीत. अशांच्या समोर घाई करून काही मिळत नाही. त्यांच्या जागा एकेक करून दाबत जायच्या.

चकवा द्यायचा तर तो खराच दिसला पाहिजे. एकटी जीप पळवून कोणी फसत नाही. उजवीकडे एक पूर्ण प्लॅटून, एक रणगाडा, थोडा धूर. हे सगळं खरं आणि महाग असतं. म्हणून चकव्याची तुकडी अशी निवडा, की समोरच्याने दुर्लक्ष केलंच तर तीच खरा हल्ला होऊ शकेल. आणि काहीही झालं तरी एक प्लॅटून राखीव. शेवटच्या वीस मिनिटांत ज्याच्याकडे ताजी माणसं उरतात, त्याला चूक परवडते.

माणसं गमावण्याची किंमत

खेळातल्या फौजा खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान सोसून लढत राहतात, कारण खेळाडूला उद्या नसतो. खऱ्या कंपनी कमांडरला उद्याही त्याच माणसांना घेऊन लढायचं असतं. यावर उपाय करारातच हवा. एकतृतीयांश माणसं गेली की चढाई थांबवायची आणि युद्धविराम मागायचा, किंवा नुकसानाला उद्दिष्टाइतकेच गुण ठेवायचे. मी पहिला उपाय पसंत करतो. मग एकेका तुकडीला मागे घेणं, जखमींजवळ थांबून त्यांची शस्त्रं आणि दारूगोळा उचलणं, धुराआड माघार, या सगळ्याला अर्थ येतो. शेजारी थांबलेली तुकडी जखमीला मदत करते आणि पडलेल्या सोबत्याची मशीनगनही उचलते. दोन मिनिटं थांबण्याची तयारी मात्र हवी.

माघारीचा सराव करायला कोणी तयार नसतं. तो करा. एक तुकडी मारा करते, दुसरी पन्नास मीटर मागे जाते, मग पाळी बदलते. ‘क्विक’ वापरा. ‘फास्ट’ने पळणारी माणसं दमून नको तिथे उताणी पडतात.

लढाई संपल्यावर

निकालाचा पडदा बघून फाइल पुसू नका. दोघांनीही जुन्या चाली जपून ठेवाव्यात आणि शेवटी पासवर्ड एकमेकांना सांगावेत. मग त्याची विसावी चाल त्याच्या बाजूने उघडा. तुमची दुसरी प्लॅटून त्याला त्या वेळी दिसत होती का, की नुसतं प्रश्नचिन्ह होतं, हे तिथे कळतं. तुम्हाला मोठा सापळा वाटला तो त्याचा वाट चुकलेला रणगाडा होता, असंही पुष्कळदा निघतं. त्याला तुमच्याबद्दल काय वाटत होतं ते दोन परिच्छेदांत लिहून मागवा, तुमचंही पाठवा, आणि पुढचा डाव त्याच नकाशावर बाजू बदलून लावा. तयारीचा टप्पा उरकायला या वेळी दोघांनाही जास्त वेळ लागेल, कारण दोघांनाही आता सगळे कोपरे माहीत असतात.